गाय उलटली नाही म्हणून गाभण धरली, चार महिने गेले. रक्त तपासून लवकर कळतं का?

माणदेशी गोठा (सांगोला) · ९ जून

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमच्याकडं ९ गायी आहेत, सगळ्या एचएफ संकरित. घर दुधावरच चालतं. त्यातली चांदी तिसऱ्या वेताची. नोव्हेंबरात व्याली तेव्हा वार अडकली होती, हातानं काढावी लागली. पुढं २८ जानेवारीला माजावर आली, त्याच दिवशी भरवली. त्यानंतर ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही. फेब्रुवारीत नाही, मार्चमध्ये नाही. आम्ही गाभण धरली. घरच्यांनी कॅलेंडरवर ४ नोव्हेंबरला गोल करून ठेवला.

मे संपताना डॉक्टर लसीकरणाला आले होते. आलेच आहेत तर बघा म्हटलं. हात घातला आणि म्हणाले, गर्भ नाही, गर्भाशयात पू भरलाय. चार महिने आम्ही पुवाला वासरू समजत होतो. चारा, मुरघास, पेंड धरून तिचा दिवसाचा खर्च २५० रुपयांच्या खाली नाही. दूध देत होती म्हणून तो निघाला, पण पुढचं वेत चार महिन्यांनी लांबलं ते लांबलंच. १ जूनला इंजेक्शन दिलंय, पू निघून गेला, आता बरी आहे.

आता १५ तारखेच्या आसपास आणखी तीन गायी भरवायच्या आहेत. यावेळी अंदाजावर बसायचं नाही असं ठरवलंय. तालुक्याच्या गावी ओळखीचा लॅबवाला आहे. तो म्हणतो बायकांची प्रोजेस्टेरॉन तपासणी होते, गायीचं रक्त आणा, करून बघू. एकानं सांगितलं एवढा खर्च कशाला, मेडिकलमध्ये बायकांची किट मिळते ती वापर.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. माणसाच्या लॅबमध्ये गायीचं रक्त चालतं का? रक्त कितव्या दिवशी काढायचं? आणि ही तपासणी मी जानेवारीतच केली असती तर चांदीचे चार महिने वाचले असते का? तिसरा प्रश्न जास्त टोचतोय.

बारामतीकर · ९ जून

मेडिकलची किट आणू नका. मी दोन वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या गाभण गायीच्या मुतावर लावून पाहिली. एकच रेघ आली. गाय तीन महिन्यांनी व्याली.

पशुवैद्य फलटण · ९ जून

बारामतीकरांना आलेला अनुभव बरोबर आहे आणि त्याचं कारण सोपं आहे. ती किट एचसीजी नावाचं संप्रेरक शोधते. ते माणसाच्या वारेत तयार होतं. गायीच्या, म्हशीच्या, शेळीच्या वारेत ते तयारच होत नाही. त्यामुळे गाय नऊ महिन्यांची गाभण असली तरी एकच रेघ दिसणार. घोडीत त्याच्याशी मिळतंजुळतं एक संप्रेरक साधारण ४० ते १२० दिवसांदरम्यान रक्तात असतं, पण त्याचीही किट वेगळी असते.

प्रोजेस्टेरॉनचं मात्र तसं नाही. गर्भ टिकवणाऱ्या या संप्रेरकाचा रेणू बाईत, गायीत, शेळीत एकच आहे. म्हणून माणसाच्या लॅबमधलं यंत्र गायीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजू शकतं. अडचण मोजण्यात नाही, त्या आकड्याचा अर्थ लावण्यात आहे. ते जरा सविस्तर लिहितो.

माज संपून अंड सुटलं की अंडाशयावर त्या जागी पीतपिंड तयार होतो. प्रोजेस्टेरॉन तो बनवतो. गाय भरवलेली असो वा नसो, पहिले १५-१६ दिवस पीतपिंड असतोच आणि प्रोजेस्टेरॉन चढलेलंच असतं. म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी रक्त काढून काहीच कळत नाही. गर्भाशय रिकामं असेल तर १६-१७व्या दिवसाच्या सुमारास ते प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं द्रव्य सोडतं, पीतपिंड विरघळतो, प्रोजेस्टेरॉन पडतं आणि २१ दिवसांच्या आसपास गाय पुन्हा माजावर येते. गर्भ असेल तर तो याच दिवसांत इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून गर्भाशयाला थांबवतो. पीतपिंड वाचतो, प्रोजेस्टेरॉन चढलेलंच राहतं.

म्हणजे १९ ते २४ दिवसांच्या दरम्यान प्रोजेस्टेरॉन १ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर गाय रिकामी. हे उत्तर फार पक्कं असतं, शंभरात ९५ च्या वर. पण आकडा चढा असेल तर एवढंच कळतं की पीतपिंड जिवंत आहे. तो गर्भामुळे जिवंत आहे का, हे प्रोजेस्टेरॉन सांगत नाही. ‘गाभण’ हे उत्तर शंभरात ७५ ते ८५ वेळाच खरं निघतं. बाकीच्या गायींत काय काय असतं? कुणाचं चक्र २४ दिवसांचं असतं. कुणाच्या अंडाशयावर पिवळी गाठ असते. कुणाला मुळात माज नसताना भरवलेलं असतं. आणि कुणाच्या गर्भाशयात पू असतो.

दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पुवाने भरलेलं गर्भाशय प्रोस्टाग्लॅंडिन नीट सोडू शकत नाही, त्यामुळे पीतपिंड तसाच टिकतो. म्हणूनच चांदी उलटली नाही. पू तेव्हाच साठायला लागला असेल तर जानेवारीत भरवून २१व्या दिवशी तुम्ही रक्त तपासलं असतं तरी आकडा चढाच आला असता आणि तुम्ही जास्तच निर्धास्त झाला असता. तिला वाचवलं असतं ते ४५ ते ६० दिवसांच्या हाताच्या तपासणीने किंवा महिनाभरातल्या सोनोग्राफीने. ज्या गायीची वार अडकली होती, ती भरवण्याआधी एकदा गर्भाशय बघून घ्यायला हवं होतं. रागावून सांगत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ गायींचं हे राहून जातं.

माणदेशी गोठा · ९ जून

डॉक्टर, मनापासून आभार. एवढं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग तपासणी करावी की नको? रिकामी असेल तर पक्कं कळतं, गाभण असेल तर नाही, असं समजू ना?

पशुवैद्य फलटण · ९ जून

बरोबर समजलात. तपासणी करा, पण रिकाम्या गायी शोधण्यासाठी. रिकामी गाय २०व्या दिवशी कळली तर ती लगेचच्या माजावर पकडता येते. ६०व्या दिवशी कळली तर दोन माज गेलेले असतात.

दिवस कोणता, यात थोडी निवड आहे. २४व्या दिवशी काढलं तर लांब चक्राच्या गायीही सापडतात, उत्तर जास्त पक्कं होतं, पण तो माज हातचा जातो. १९-२०व्या दिवशी काढलं तर माज हातात राहतो, काही गायी चकवतात. लहान गोठा असेल आणि निकाल त्याच दिवशी मिळत असेल तर मी २०वा दिवस घेईन.

आणखी एक करा. भरवण्याच्या दिवशीही एक नमुना काढा. त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन अगदी कमीच असायला हवं. चढं आलं तर गाय माजावर नव्हतीच, आणि मग २०व्या दिवसाच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

लॅबवाला अकलूज · १० जून

मी माणसांच्या लॅबमध्ये १४ वर्षं आहे, गेली तीन वर्षं गायीचे नमुनेही घेतो. आकडा कसा वाचायचा ते डॉक्टरांनी सांगितलं, मी तो आकडा बिघडतो कसा ते सांगतो.

गायीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉन मोडतात. माणसाच्या रक्ताची नळी दुपारभर टेबलावर राहिली तर फारसं बिघडत नाही. गायीची नळी जूनच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून दोन-तीन तास आली की आकडा खाली येतो आणि गाभण गाय कागदावर रिकामी दिसते. पहिल्या वर्षी माझ्याकडून असं एकदा झालं. त्या शेतकऱ्यानं माझ्या कागदावर विसंबून गाय विकली असती, तर? नशिबानं त्यानं आधी डॉक्टरांना बोलावलं. तेव्हापासून मी बर्फाशिवाय आलेली नळी परत पाठवतो.

रक्त डॉक्टरांकडूनच काढून घ्या, शेपटाखालच्या शिरेतून किंवा मानेतून. नळी लगेच थर्मासमध्ये बर्फावर ठेवायची, पण बर्फाला थेट टेकू द्यायची नाही, फडक्यात गुंडाळायची. गोठली तर पेशी फुटतात. शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये फिरवून पेशी वेगळ्या केल्या की पुढे घाई नसते, वरचं पाणी फ्रीजमध्ये टिकतं. नळीवर गायीचा बिल्ला क्रमांक आणि भरवल्याची तारीख हवीच. ‘तांबडी गाय’ असं लिहिलेल्या नळ्या येतात, एका गोठ्यात चार तांबड्या असतात.

रिपोर्टवर शेजारी छापलेल्या मर्यादा बायकांच्या असतात, त्यांच्याकडे बघायचंच नाही. फक्त आकडा आणि एकक बघा.

हे सगळं आपल्या तालुक्यात होऊ शकतं याचं मला अजून नवल वाटतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. रक्तातलं एवढंसं संप्रेरक मोजायची पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली, यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं. त्यांची पद्धत किरणोत्सर्गी होती, आमचं यंत्र प्रकाशावर चालतं, पण मूळ युक्ती तीच.

म्हैसवाला करवीर · १० जून

सगळं वाचलं. राग मानू नका, पण मला हा उपद्व्याप वाटतो. माझ्याकडे ११ म्हशी, निम्म्या पंढरपुरी, निम्म्या मुऱ्हा. आमचे डॉक्टर ४५व्या दिवशी हात घालून सांगतात आणि आजवर चुकलेले नाहीत. त्याच हाताला गाठ कळते, पू कळतो, अंडाशय कोरडं आहे का ते कळतं. रक्त काय सांगणार? एक आकडा. त्यासाठी थर्मास, बर्फ, लॅबची फेरी आणि पाचसहाशे रुपये. तेवढ्यात खनिज मिश्रणाची पिशवी येते, आणि माझ्या मते निम्म्या जनावरांचं न फळणं तिथंच सुटतं.

पशुवैद्य फलटण · १० जून

रागाचा प्रश्नच नाही, तुमचं बरंचसं बरोबर आहे. ज्याच्याकडे तुमच्या डॉक्टरांसारखा हात आहे त्याला रक्ताची गरज कमी. पण ४५व्या दिवशी खात्रीने सांगणारे हात सगळीकडे नाहीत. बरेच जण ६० ते ९० दिवस थांबतात, आणि थांबावंच. अर्धवट अंदाजाने लवकर दाबदाबी करण्यापेक्षा ते बरं.

म्हशीच्या बाबतीत मी तुमच्या उलट मताचा आहे. गाय उलटली तर दिसते, ओरडते, दुसरीवर चढते. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर कळतच नाही. २१व्या दिवशी म्हैस शांत दिसली यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून २० दिवसांचा आकडा म्हशीला उलट जास्त कामाचा आहे.

आणि एक सगळ्यांसाठी. रिपोर्टवर ‘रिकामी’ आलं म्हणून लगेच माजावर आणायचं प्रोस्टाग्लॅंडिनचं इंजेक्शन देऊ नका. नमुना बिघडलेला असेल आणि आत गर्भ असेल तर ते इंजेक्शन गर्भ पाडतं. ज्या गायीचं प्रोजेस्टेरॉन खरंच पडलंय ती दोन-तीन दिवसांत आपणहून माजावर येते, तिला त्या इंजेक्शनची गरजही नसते. माज दिसला नाही तर आधी डॉक्टर, मग सुई.

म्हैसवाला करवीर · १० जून

मुक्या माजाचं मान्य. मार्चपासून दोन म्हशी तशाच आहेत. विचार करतो.

शेळीवाली, धाराशिव · ११ जून

डॉक्टर, शेळीचं काय? माझ्याकडं ३२ उस्मानाबादी आहेत. गायीला हात तरी घालता येतो, शेळीला तेही नाही. मागच्या वर्षी एक शेळी बोकडाला लावली, पुन्हा माजावर आली नाही, पोट वाढलं, कास थोडी भरली. पाच महिने झाले तशी रोज रात्री उठून बघत होते. एका सकाळी सगळी मागची बाजू ओली आणि पोट उतरलेलं. करडू नाही, वार नाही, नुसतं पाणी. सासूबाई म्हणाल्या कुत्र्यानं करडू नेलं. मी सगळं शिवार धुंडाळलं. दोन दिवस मला झोप नव्हती.

पशुवैद्य फलटण · ११ जून

ताई, कुत्र्याने काही नेलं नाही आणि तुमचं काही चुकलं नाही. ती खोटी गाभण होती. शेळीत हे बऱ्यापैकी दिसतं. गर्भ नसताना पीतपिंड टिकतो, गर्भाशयात पाणी साठत जातं आणि एक दिवस ते सगळं बाहेर पडतं. या शेळीचं प्रोजेस्टेरॉनही चढं असतं, म्हणजे २१व्या दिवशीचं रक्त इथेही फसवतं. शेळीत रिकामी ओळखायला २१-२२वा दिवस ठीक आहे, मेंढीचं चक्र १७ दिवसांचं असल्यामुळे तिला १७-१८वा. पण खरी गाभण की खोटी हे ठरवायला ४५ दिवसांच्या पुढे पोटावरून सोनोग्राफी हाच सरळ उपाय. आत पिल्लाचं हृदय हलताना दिसतं, खोट्यात नुसतं काळं पाणी. एका शेळीसाठी यंत्र येणार नाही, पण ३२ शेळ्या एका दिवशी तपासता येतात. गावातल्या आणखी दोघींना बरोबर घ्या, खर्च वाटला जाईल.

शेळीवाली, धाराशिव · ११ जून

एवढं कळलं असतं तर शिवार धुंडाळलं नसतं. आमच्या बचत गटात तिघींकडं मिळून ८० वर शेळ्या आहेत, विचारते.

न्यूझीलंडकर · १२ जून

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, सहा वर्षांपासून वायकाटोत एका डेअरी फार्मवर कामाला आहे. ४२० गायी. इथे बहुतेक गायी एकाच हंगामात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास व्यायच्या असतात, कारण सगळं गवतावर चालतं. ऑक्टोबरच्या शेवटी भरवायला सुरुवात आणि दहा-बारा आठवड्यांत संपवायचं. त्या वेळात राहिली नाही ती गाय पुढच्या वर्षीची नसते. त्यामुळे कोण रिकामी हा प्रश्न इथे फार मोठा आहे.

आमच्याकडे प्रोजेस्टेरॉन कुणी बघत नाही. दूध नोंदणीसाठी प्रत्येक गायीचा जो नमुना जातो त्यातच ‘पॅग’ तपासतात. हे संप्रेरक नव्हे, वारेच्या पेशी बनवतात ते प्रथिन आहे. वार आहे म्हणजे गर्भ आहे किंवा नुकताच होता. भरवल्यापासून २८ दिवस व्हायला हवेत आणि विण्याला ६० दिवस, कारण मागच्या वेताचं पॅग बरेच दिवस अंगात राहतं.

पण दुधाचा निकाल हो किंवा नाही एवढाच असतो, गर्भ किती दिवसांचा ते त्यात नसतं. आम्हाला विण्याची तारीख लागते, म्हणून मालक सोनोग्राफीवालाही बोलावतो. तो हाताने न चाचपता दिवसाला काही शे गायी बघतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या गावची एकेक गाय आणि तिच्या मागे उभे असलेले वडील आठवले.

पशुवैद्य फलटण · १२ जून

छान माहिती दिलीत. त्या प्रथिनांपैकी एकाचा शोध अमेरिकेत आयडाहो विद्यापीठात गार्थ सॅसर यांच्या गटाने लावला, १९८२ साली. चांदीसारख्या पू असलेल्या गायीत ही तपासणी फसत नाही, कारण पू वार बनवत नाही. खोट्या गाभण शेळीतही फसत नाही. फक्त गर्भ नुकताच मेला असेल तर काही दिवस पॅग रक्तात रेंगाळतं आणि निकाल गाभण येतो.

आपल्याकडे अडचण अशी की किट एका पत्र्यावर ९६ खड्ड्यांची येते. तीन गायींसाठी ती फोडणं कुणाला परवडणार? दूध संघाने गावोगावचे नमुने एकत्र केले तरच जमेल. ते व्हावं असं मला फार वाटतं. डेअरीवर रोज दूध येतंच, दुधातून गाभण तपासणं जगाला नवीनही नाही. दुधातल्या प्रोजेस्टेरॉनवरचं काम ब्रिटनमध्ये लेंग आणि हीप यांनी १९७१ सालीच केलं होतं.

चौथं वर्ष, शिरवळ · १२ जून

मी विद्यार्थी आहे. मुताच्या तपासण्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण गावात तेच विचारतात.

एक गव्हाची. गायीचं मूत पाणी घालून बरंच पातळ करायचं, त्यात गहू भिजवायचे, शेजारी नुसत्या पाण्यात तेवढेच गहू. गाभण गायीच्या मुतात गहू नीट रुजत नाहीत, असं त्यामागचं निरीक्षण. आपल्याकडे तिला पुण्यकोटी चाचणी म्हणतात. गंमत म्हणजे प्राचीन इजिप्तमध्ये बायकांसाठी गहू आणि सातू वापरून अशीच चाचणी करत, पण अर्थ उलटा लावत, रुजलं तर गरोदर. दुसरी बेरियम क्लोराइडची. मुतात काही थेंब टाकले की रिकाम्या गायीत पांढरा साका होतो, गाभणीत होत नाही. तिसरी हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेची प्रेग-डी किट. २ मिली मूत लागतं, गडद लाल किंवा जांभळट रंग आला तर गाभण, पिवळसर राहिला तर रिकामी.

आम्ही गव्हाची चाचणी १२ गायींवर करून पाहिली, हाताच्या तपासणीशी ८ जुळल्या. स्वस्त आहे, पण यावर गाय विकायचा निर्णय मी घेणार नाही.

माणदेशी गोठा · ८ जुलै

मंडळी, सांगितलं तसं केलं. १५ जूनला गौरी, मोती आणि काळी भरवल्या. भरवण्याच्या दिवशीचा नमुना फक्त गौरी आणि मोतीचा काढता आला, दोन्ही ०.५ च्या आत. काळीला भरवायला कर्मचारी संध्याकाळी उशिरा आले, तोवर डॉक्टर निघून गेले होते, तिचा राहिला.

५ जुलैला, विसाव्या दिवशी, तिघींचं रक्त. सकाळी ७ ला काढलं, ८ ला बर्फावर लॅबमध्ये पोचलो. एका गायीचे साडेपाचशे रुपये लागले. संध्याकाळी निकाल. गौरी ०.३, मोती ५.८, काळी ४.१.

गौरी रिकामी म्हणून रात्रभर पाळीनं बघायचं ठरवलं. मी १२ पर्यंत, थोरला पोरगा ४ पासून. ७ तारखेला पहाटे साडेचारला त्यानं हाक मारली. काचेसारखी बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लोंबत होती आणि गाय दुसरीला अंगावर चढू देत होती. सहापर्यंत सगळं बंद. आम्ही धार काढायला सहालाच जातो, म्हणजे एरवी हा माज आम्हाला दिसलाच नसता. संध्याकाळी भरवली. मोती आणि काळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्यात, पण पेन्सिलनं.

लॅबवाला अकलूज · ८ जुलै

तासाभरात बर्फावर. असेच नमुने यायला हवेत.

माणदेशी गोठा · २ ऑगस्ट

३० जुलैला डॉक्टर आले. मोती गाभण. काळी रिकामी. गर्भाशय स्वच्छ, अंडाशयावर पीतपिंड आहे म्हणाले, इंजेक्शन नको, माजाची वाट बघा. ४.१ आकडा होता तरी रिकामी. काय झालं असेल?

पशुवैद्य फलटण · २ ऑगस्ट

दोन शक्यता. एक, गर्भ राहिला आणि मेला. हे पुष्कळदा होतं. जास्त दुधाच्या गायींत महिन्याच्या तपासणीला गाभण निघालेल्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास दोन महिन्यांपर्यंत रिकाम्या होतात, म्हणूनच दुसरी तपासणी सांगतो. दुसरी शक्यता, १५ जूनला ती माजावरच नव्हती. तिचाच पहिला नमुना नाही. त्या दिवशी काय पाहून भरवली? आणि जूनच्या शेवटी काही नोंद आहे का वहीत?

माणदेशी गोठा · २ ऑगस्ट

वही बघितली. १५ जूनला लिहिलंय ‘काळी गौरीवर चढली’. बळस लिहिलेली नाही. आणि २८ जूनला पोरानं लिहिलंय ‘काळीच्या शेपटाला रक्त लागलंय’. मला वाटलं गोमाशीनं चावलं असेल.

पशुवैद्य फलटण · २ ऑगस्ट

सापडलं. तुमच्या मुलाला शाबासकी द्या. माजानंतर एक-दोन दिवसांनी गायीला थोडं रक्त जातं. म्हणजे काळीचा खरा माज २६ जूनच्या आसपास होता. १५ जूनला माजावर गौरी होती, काळी नुसती तिच्यावर चढली. चढणारी गाय माजावर असेलच असं नाही, जी हलत नाही आणि चढू देते ती नक्की असते. ५ जुलैला तुम्ही रक्त काढलंत तेव्हा काळीच्या माजाला नऊ-दहा दिवस झाले होते, पीतपिंड ऐन भरात, म्हणून ४.१. लॅबचा आकडा खरा होता. पुढचा माज १७ जुलैच्या सुमारास हुकला असणार. आता ७ ऑगस्टच्या मागेपुढे पहाटे लक्ष ठेवा.

माणदेशी गोठा · १० ऑगस्ट

८ ऑगस्टला पहाटे पाचला काळी माजावर आली. या वेळी बळस बघितली, चढू देताना बघितली, मगच फोन केला. नमुनाही काढून घेतला, ०.२.

म्हैसवाला करवीर · ११ ऑगस्ट

मार्चपासून अडलेल्या दोन्ही म्हशींचं दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा रक्त तपासलं. एकीचं दोन्ही वेळा अगदी कमी, म्हणजे अंडाशय झोपलेलं, डॉक्टरांनी हातानंही तेच सांगितलं. दुसरीचं एकदा कमी, एकदा चढं. ती माजावर येत होती आणि आम्हाला कळत नव्हतं. तिच्यासाठी रेडा रात्री मोकळा सोडतोय आता.

शेळीवाली, धाराशिव · ३ सप्टेंबर

आमच्या गटाच्या ८४ शेळ्यांची सोनोग्राफी परवा झाली. माझ्या ३२ मधल्या २१ गाभण, त्यात ९ ना जुळी असं डॉक्टर म्हणाले. दोन खोट्या निघाल्या. पडद्यावर काळं पाणी दिसलं तेव्हा मी सासूबाईंना हात धरून जवळ आणलं आणि दाखवलं.

माणदेशी गोठा · १४ सप्टेंबर

चांदीचं सांगायचं राहिलं होतं. पू गेल्यावर दोन माज सोडले, डॉक्टरांनी गर्भाशय स्वच्छ आहे म्हटल्यावर १२ जुलैला भरवली. त्या दिवशी ०.२, विसाव्या दिवशी ६.०. तेव्हा इथं लिहिलं नाही, कारण या आकड्यावर पुन्हा खूश व्हायचं नव्हतं.

काल ६३वा दिवस. डॉक्टरांनी हात घातला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. घरातले सगळे गोठ्याच्या दारात उभे होते. मग म्हणाले, गर्भाशयाच्या उजव्या शिंगात आहे, दोन महिन्यांचं, चांगलं आहे.

कॅलेंडरवर १८ एप्रिल लिहिलंय, पेन्सिलनंच. ९०व्या दिवशी ते परत येणार आहेत.